प्रकल्प नोंदी: पटकथा शिकणं, जानेवारी ते एप्रिल २०२४

२ जानेवारी २०२४

तर यावर्षी दोन कामं एकत्र चालवायची. एक म्हणजे ओळखीतल्या एका संवादलेखकाला त्याच्या डेली सोपमध्ये हाताखाली मदत करायची (नाव क्रेडिटमध्ये येणार नाही, हे त्यानं आधीच सांगितलंय, चालतंय), आणि दुसरं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांच्या फिल्मची स्वतःची स्क्रिप्ट पूर्ण करायची, अशी की जी एखाद्या दिग्दर्शकाच्या हातात देता येईल. दिवसा ऑफिस ठाण्यात, लिहिणं रात्री.

पार्श्वभूमी एकांकिकेची. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला कोल्हापूर केंद्रावर कॉलेजात असताना लिहिलेल्या, त्यामुळं संवाद येतात असं लोक म्हणतात. इकडं मालिकेत लिहिणारे निम्मे लोक तिथूनच आलेत. पण स्टेजवरचं पात्र बोललं नाही तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला काहीच कळत नाही, आणि कॅमेऱ्यापुढं नुसती पापणी हलली तरी कळतं, हा फरक डोक्यात माहीत असणं वेगळं आणि बोटांत उतरणं वेगळं.

आज फक्त मांडामांड. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा जो ठोकताळा सगळीकडं सांगतात तो कुरियर फॉन्ट, बारा पॉइंट आणि इंग्रजी लिपीवर बसवलेला आहे. कुरियरमध्ये देवनागरीच नाहीये. मग मराठीत तो हिशोब लावायचा कसा, तर फॉन्ट बदलला की पानं बदलतात, मात्रा-वेलांट्यांमुळं ओळींमधली जागा वाढते, आणि बत्तीस पानांची स्क्रिप्ट चोवीस मिनिटांची निघते. इथले बरेच जण ॲक्शन इंग्रजीत आणि संवाद मराठीत किंवा सरळ रोमन लिपीत मराठी असं लिहितात, नटांनाही आता ते सवयीचं झालंय. मला नाही जमत, 'माझं' की 'माझे' हे रोमनमध्ये दिसतच नाही. म्हणून गूगल डॉक्स, मुक्त फॉन्ट, समास स्वतः लावून घेतले, आणि वेळ मोजायचा तो मोठ्यानं वाचून, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून. पानांवर विसंबायचंच नाही.

९ जानेवारी

मालिकेची साखळी एकदा लिहून ठेवतो, नवीन माणसाला हीच आधी कळत नाही.

टायटल्समध्ये कथा, कथाविस्तार, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी नावं येतात ती उगाच नाही येत. चॅनेलबरोबर बसून पुढच्या दोन-तीन महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे कथानकाचा धागा, ठरतो. त्यातून आठवड्याचे एपिसोड पाडले जातात, प्रत्येकाची वनलाइन होते म्हणजे कुठल्या सीनमध्ये काय घडतं त्याच्या चार-चार ओळी. मग पटकथाकार त्या वनलाइनचा सीनवार आराखडा करतो, कोण आधी येतं, ब्रेक कुठं, शेवटचा हुक कशावर. हे सगळं मंजूर झालं की शेवटी संवाद. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं उरतात, सात-आठ सीन, आठवड्याला सहा एपिसोड. म्हणजे आठवड्याला दोन तासांच्यावर मजकूर, एका सिनेमाएवढा! आणि तो थांबत नाही. बँक म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड. बँक दोन दिवसांवर आली की सगळ्यांचे आवाज चढतात.

मी करतो ते काम शेवटून दुसऱ्या पायरीवरचं. दादा (संवादलेखकाला आम्ही दादाच म्हणतो) मला दोन सीन देतो, मी कच्चे संवाद लिहितो, तो पुसतो आणि परत लिहितो. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका बंगल्यात सेट आहे, तिथं रात्री अकराला पीडीएफ पोचली पाहिजे कारण सकाळी सातचा कॉल टाइम. पैशाचं विचारलं तर म्हणाला, टेलिकास्टनंतर नव्वद दिवस. सगळीकडं असंच असतं म्हणे. म्हणजे जानेवारीत लिहिलेल्याचे पैसे पाडव्याच्या खरेदीला पण नाही येणार.

१६ जानेवारी

आज एक सीन अगदी जवळून पाहायला मिळाला, त्याची पूर्ण नोंद.

वनलाइनमध्ये एवढंच होतं: 'धाकट्या सुनेला कळतं की सासूनं पाटल्या गहाण टाकल्यात. ती सासूला काही बोलत नाही.'

मी लिहिलं त्यात सून कपाट आवरताना पावती शोधते आणि आरशात बघून स्वतःशी बोलते, "आईंनी पाटल्या गहाण टाकल्या? माझ्या शिक्षणासाठी? आणि मी मात्र त्यांना..." वगैरे. दीड पान. एकांकिकेत टाळी पडली असती.

दादानं वाचलं, हसला नाही, चिडला नाही. म्हणाला, ती पावती कपाटात नको, कालनिर्णयच्या मागे नको, पंचांगात ठेव. का? तर पंचांग घरात सासूच वाचते, दुसरं कुणी हात लावत नाही, म्हणून लपवायला तिला तीच जागा सुचणार. मग त्यानं दुसरा सीन असा लिहिला:

सासू देवघरापुढं वाती वळत बसलीये. चष्मा कपाळावर.
सासू: अगं, संकष्टी कधीये बघ गं जरा पंचांगात.
(सून थबकते. सासूच्या लक्षात येतं आपण काय मागितलं. वातीवरचा हात थांबतो.)
सून पंचांग उघडते. पावती तिच्या अंगठ्याखाली. ती पान वाचते.
सून: सोमवारी आहे, आई.
सासू: ...चंद्रोदय?
सून: नऊ सतरा.
(पंचांग मिटून जागेवर ठेवते. पावती आतच.)
सून: मी पण धरीन म्हणते उपास.

बास. दोघींना कळलंय, दोघींना कळलंय हेही दोघींना कळलंय, आणि शब्द सगळे तिथी-वाराचे. मी तर खूशच झालो.

आता पुढची गंमत. चॅनेलकडून तासाभरात निरोप आला की सीन छान आहे, पण पावतीचं ऐकू येत नाही. ऐकू! डेली सोप बघणारी बाई त्यावेळी कणीक मळत असते, पाठ टीव्हीकडं असते, मुलाचा अभ्यास चालू असतो, त्यामुळं गोष्ट कानानं पुढं सरकली पाहिजे. मालिका हा निम्मा रेडिओच आहे असं दादा म्हणतो. सगळी पात्रं एकमेकांना माहीत असलेलं पुन्हा पुन्हा का सांगत असतात याचं मला इतकी वर्षं हसू यायचं, त्याचं कारण हे आहे, लेखकाला अक्कल नसते म्हणून नव्हे. मग तोड निघाली. आधीच्या सीनमध्ये सून नवऱ्याला फोनवर दबक्या आवाजात एकच वाक्य बोलते, "अहो, आईंच्या पाटल्या बँकेत आहेत, गहाण. पावती आहे माझ्या हातात." कानाला मिळालं. मग पंचांगाचा सीन जसाच्या तसा राहिला.

आणि संध्याकाळी कळलं की सासूचं काम करणाऱ्या ताईंची परवाची डेट नाहीये, नाटकाचा प्रयोग आहे, त्यामुळं हा सीन उद्याच्या उद्या सकाळी पहिला घेणार. म्हणून देवघरातली रात्र सकाळ झाली, वातींच्या ऐवजी फुलं. चंद्रोदय ठेवला.

२८ जानेवारी

रविवार. फिल्मच्या स्क्रिप्टसाठी अभ्यास म्हणून 'सिंहासन' कागद-पेन घेऊन पाहिला. १९७९ चा, जब्बार पटेलांचा, पटकथा-संवाद तेंडुलकरांचे. मुद्दाम हाच घेतला कारण तो अरुण साधूंच्या एका नाही तर दोन कादंबऱ्यांवरून केलाय, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक'. दोन्ही वाचलेल्या होत्या त्यामुळं काय गेलं आणि काय राहिलं ते पाहता येतं.

कादंबरीला चैन असते, माणसाच्या डोक्यात पानंच्या पानं बसता येतं. मंत्रालय, युनियन, झोपडपट्टी, स्मगलर, पत्रकार, एवढ्या वेगवेगळ्या दुनिया एका सिनेमात नांदवायच्या तर सगळीकडं आत-बाहेर करू शकेल असा माणूस पाहिजे, आणि तो दिगू टिपणीस. पत्रकार असल्यामुळं त्याला कुठंही घुसता येतं, कुणीही त्याच्याशी बोलतं, आणि तो स्वतः फारसं काही करत नाही. नायकानं काहीतरी हवं म्हणून धडपडलं पाहिजे हा नियम जो प्रत्येक वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी सांगतात त्यात तो बसतच नाही. धडपडतात बाकीचे, खुर्चीसाठी. तो बघतो. आणि बघून बघून त्याचं शेवटी जे होतं ते होतं.

सीन मोजत बसलो नाही, फक्त प्रत्येक सीनच्या पुढं लिहिलं की यात सत्ता कुणाच्या हातात होती आणि सीन संपताना कुणाच्या हातात गेली. बहुतेक ठिकाणी ती फोनवरून सरकते. कोण कुणाला फोन करतो, कोण 'साहेब बाथरूममध्ये आहेत' म्हणून फोन घेत नाही. राजकारणावरच्या गोष्टीत भाषण लिहायचा मोह किती होतो ते मला माहितीये, म्हणून हे विशेष वाटलं.

१८ फेब्रुवारी

सांगोला. रविवारचा जनावरांचा बाजार. काल रात्रीच गावी आलो होतो, पहाटे आतेभावाच्या गाडीवर.

फिल्मची कल्पना थोडक्यात: बापू नावाचा बैलांचा दलाल. उपरण्याखाली बोटं धरून सौदे करण्यात उभी हयात गेली. कडबाकुट्टीत, म्हणजे कडबा कापायच्या मशीनमध्ये, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट जातं. ज्या हातावर आकडे चालायचे त्यातले दोन आकडेच गेले. शेतकरी रडत रडत बैल विकतो ही गोष्ट घासून घासून गुळगुळीत झालीये, मला ती लिहायची नव्हती, मला मधला माणूस पाहिजे होता. दलालाकडं आपल्या गोष्टीत कुणी माणूस म्हणून बघतच नाही, तो एकतर लुच्चा नाहीतर नसतोच.

बाजारात काय पाहिलं ते आधी. उजाडायच्या आतच टेम्पो लागायला लागतात. खिलार खोंडांची शिंगं साळलेली, तेल लावलेली, कपाळाला गुलाल. घेणारा आधी लांबून चाल बघतो, मग जवळ येऊन पाठीवरून हात फिरवतो, आणि मग जबडा उघडून दात. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला, दातांवरनं वय ठरतं आणि वयावरनं किंमत. एक आजोबा होते, त्यांनी बैलाचं तोंड उघडलं, बघितलं, मिटलं, आणि काहीही न बोलता पुढं चालायला लागले. मालक मागनं ओरडतोय, "अवो चौसा हाय, चौसा!" आजोबा वळले पण नाहीत. त्या माणसाची ती पाठ मी वहीत जशीच्या तशी उचललीये, पहिल्या सीनला वापरणार.

उपरण्याखालचे सौदे आता कमी झालेत. बरेच जण तोंडानंच बोलतात, एक पोरगा तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून समोरच्याला दाखवत होता आणि समोरचा त्यातला आकडा पुसून स्वतःचा टाकून परत देत होता. (हेही वापरणार! जुनं-नवं यावर कुणाला काही बोलावंच लागत नाही.) पण म्हातारे दलाल अजून टॉवेल टाकतात. एकाशी तासभर बोललो, चहा पाजला. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच, आणि ते शंभर का हजार का दहा हजार ते मोघम तोंडानं. पाचाच्या पुढच्या खुणा बाजार-बाजारागणिक वेगळ्या.

त्यांना मी गोष्ट सांगितली. माझ्या डोक्यात होतं की समोरच्या व्यापाऱ्याला बापूची बोटं गेलेली ठाऊकच नसतं आणि त्यावरनं घोटाळा होतो. म्हातारा म्हणाला, "थोटं बोट हाताला लागल्याबिगर ऱ्हाईल व्हय? त्यो काय आंधळाय? आंधळा असला तरी कळंल."

मग जरा थांबून, तंबाखू मळत मळत, त्यांनीच पुढचं सांगितलं. घेणारा पंजा धरणार. पंजा म्हणजे पाच. पण बापूच्या पंजात तीनच हायती. आता बापू शेतकऱ्याकडं जाऊन 'तीन' म्हणाला तर? आणि उद्या पकडला गेला तर म्हणायला मोकळा, मला तर तीनच बोटं धरली राव.

मी बघतच राहिलो. माझ्या ड्राफ्टमध्ये बोटं जाणं हे दुःख होतं. त्यांच्या एका वाक्यात ती सोय झाली. लबाडीला देवानं दिलेला पुरावा! आणि मग खरा प्रश्न हा की बापू हे करतो का, कुणाबरोबर करतो, आणि कुणाबरोबर करू शकत नाही. वर्कशॉपवाले ज्याला स्टेक्स म्हणतात, म्हणजे पणाला काय लागलंय, ते हे.

२५ फेब्रुवारी

आठवडाभर एकाच सीनवर अडलोय. सीन ९, उपरण्याखालचा मोठा सौदा. घेणारा पंजा धरतो आणि बापू पहिल्यांदा 'तीन' म्हणायचं ठरवतो.

अडचण अशी की सगळं महत्त्वाचं जे आहे ते कापडाखाली आहे. दिसत नाही आणि ऐकू येत नाही. मालिकेत दादानं हा सीन कसा केला असता मला माहितीये, बापूच्या मनातला आवाज टाकला असता, "पाच धरलेत यानं... पण मला तर तीनच बोटं..." आणि तिथं ते बरोबरच ठरलं असतं, कणीक मळणाऱ्या बाईला कळलं असतं. इथं अंधारात पडद्याकडं तोंड करून बसलेला माणूस आहे.

पहिला मार्ग: कॅमेरा उपरण्याखाली न्यायचा. बोटं दाखवायची. सोपं आहे, आणि तिथंच सगळं मेलं, कारण या पद्धतीची सगळी गंमत ती दुसऱ्याला दिसत नाही यातच आहे. आपण आत शिरलो की आपण बाजारातले राहिलो नाही.

दुसरा: फक्त चेहरे. दोघंही निर्विकार, या धंद्यात चेहरा हलवणारा टिकत नाही. मग प्रेक्षकाला काय कळणार? काहीच नाही, आणि शेवटी उलगडा करायचा की बघा, तो पाच म्हणाला होता. म्हणजे प्रेक्षक एकदा चमकणार, पण सीन चालू असताना त्याला भीती कशाचीच नाही.

तिसरा, जो आता धरलाय: प्रेक्षकाला सगळी भाषा आधीच शिकवून ठेवायची. सीन २ मध्ये बापू नातवाला, साताठ वर्षांच्या, खेळ म्हणून शिकवतो. रुमालाखाली पोराची बोटं धरतो आणि पोरगं ओरडतं, "तीन! आता... पाच!" मग पोरगं बापूचा पंजा धरतं आणि थांबतं. मोजतं. "आज्जा, तुझी पाच कशी धरायची?" बापू सांगतो, सगळी धर, सगळी धरली की पाचच. इथं प्रेक्षक नियम शिकला, हसत शिकला, आणि नियमातलं भोकही त्याला दिसलं. आता सीन ९ मध्ये कॅमेरा बाहेरच राहू दे:

सीन ९. बाह्य. जनावरांचा बाजार. सकाळ.
उपरण्याखाली दोन हात. कापड जरा हलतं, थांबतं.
व्यापारी (सहज): धाईत बोलतोय मी.
बापू: हं.
कापड एकदा घट्ट होतं. सगळा पंजा.
बापू व्यापाऱ्याकडं बघत नाही. पलीकडं बैलाच्या गळ्यातलं दावं हातात घेऊन उभा असलेला शेतकरी बघतोय.
व्यापारी: काय?
बापू: विचारतो.
उपरणं खांद्यावर टाकून बापू शेतकऱ्याकडं चालत येतो. दहा-बारा पावलं. नातू त्याच्या मागं.
शेतकरी: किती म्हणतोय?
बापू काही बोलत नाही. नातू त्याच्याकडं बघतो.

'धाईत' म्हणजे दहा हजारांत, हा शब्द माझा, म्हाताऱ्याला विचारून घ्यायला पाहिजे त्यांच्याकडं काय म्हणतात. बाकी सीनमध्ये सस्पेन्स त्या दहा-बारा पावलांत आहे. लिहिताना मी आधी 'बापूच्या मनात चलबिचल होते' असं लिहिलं होतं, ते काढलं, मनातली चलबिचल कुठल्या लेन्सनं घ्यायची? पावलं घेता येतात. नातू मागं येतोय हे घेता येतं, आणि नातवाला भाषा येते हे आपल्याला माहीत आहे.

५ मार्च

कोरडं काम. स्क्रीनरायटर्स असोसिएशनची, म्हणजे पूर्वीच्या फिल्म रायटर्स असोसिएशनची मेंबरशिप घेऊन ड्राफ्ट ऑनलाइन रजिस्टर करून टाकला. अमुक तारखेला हा मजकूर माझ्याकडं होता एवढाच याचा अर्थ, कॉपीराइट तर लिहिल्याक्षणीच आपला असतो. आणि कल्पनेला कॉपीराइट नसतो, ती मांडलेल्या रूपाला असतो, सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणून चहाच्या टपरीवर कुणाला 'तीन बोटांचा दलाल' ही वनलाइन ऐकवून मग चोरली म्हणून बोंबलण्यात अर्थ नाही. पूर्ण सीनवार लिहा, मग ऐकवा. २०१२ च्या दुरुस्तीनं लेखकाचा रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही असं कायद्यात आलंय, पण माझ्या हातात आलेल्या करारनाम्यांमध्ये 'सर्व हक्क, सर्व माध्यमं, संपूर्ण विश्व' ही ओळ अजून तशीच्या तशी दिसते. संपूर्ण विश्व! मंगळावर दाखवली तरी.

१४ मार्च

गुरुवार. बार्कचे, म्हणजे टीआरपीचे, आकडे गुरुवारी येतात आणि त्या दिवशी ग्रुपवर कुणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकत नाही. आमचा स्लॉट घसरला. दुपारी मीटिंग, संध्याकाळी फतवा: गहाण पाटल्यांचा ट्रॅक गुंडाळायचा, त्या जागी धाकट्या दिराचा साखरपुडा मोडणार.

दोन महिने हळूहळू शिजवत आणलेलं प्रकरण दोन सीनमध्ये मिटवायचं होतं. दादा शांत होता. त्याचं म्हणणं, ट्रॅक मारायचा असला तरी कर्ज फेडून मार, हवेत सोडू नकोस, बायका पाटल्या विसरत नाहीत. खरं आहे, सासूच्या हातात पाटल्या परत दिसल्या नाहीत तर दोन महिन्यांनी बाजारात कुणीतरी त्या काम करणाऱ्या ताईंनाच विचारणार. मग साखरपुड्याच्याच सीनमध्ये सासू पाहुण्यांना पेढे देताना पाटल्या खणखणतात आणि धाकटी सून नुसती बघते. पाव पानात मिटलं. ऐकूही आलं, खणखणाट होता ना!

सिनेमाची माणसं मालिकेला नाकं मुरडतात, मीही मुरडायचो. पण काल ठरलेलं आज उलटं करून संध्याकाळी सातपर्यंत पटेल असं लिहून देणं ही जी कारागिरी आहे ती मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. दुसऱ्या बाजूनं तितकंच खरं, की हे पाच वर्षं सलग केलं तर स्वतःचं असं काही लिहायचा हात राहील का याची मला खात्री नाही. दादाच्या कपाटात एक फिल्मची स्क्रिप्ट आहे म्हणतात. विचारायचं धाडस नाही होत.

३० मार्च

मोठ्यानं वाचन. घरी पाचजण जमले, एकांकिकेच्या ग्रुपमधले. पोहे, चहा, स्टॉपवॉच.

निघाली एकतीस मिनिटं. सांगितलेली पंचवीस. लांबतंय ते बाजाराच्या वर्णनानं नाही, बापूच्या बायकोच्या सीननं. ती फार बोलते आणि सगळं बरोबर बोलते, हाच तिचा दोष. ज्या पात्राचं प्रत्येक म्हणणं रास्त असतं ते पात्र लेखकाचा प्रवक्ता होऊन बसतं. तिला आता एक स्वार्थ दिला, तिला त्या जादाच्या वीस हजारांतनं बोअरची मोटर दुरुस्त करून हवीये. लगेच तिची वाक्यं अर्ध्यावर आली.

बोलीवरनं वाद झाला. वाचणाऱ्यांपैकी एकजण पुण्याची, ती 'व्हय', 'न्हाई', 'काय करायलाईस' हे सगळं एकाच सुरात गावरान करून वाचत होती आणि ऐकताना कसनुसं व्हायला लागलं. दोष तिचा म्हणवत नाही, स्क्रिप्टमध्ये प्रत्येक शब्द वेडावाकडा लिहिला की वाचणारा नाटकी होतोच. माझा आता निर्णय असा की वाक्याची ठेवण आणि क्रियापदं तिकडची ठेवायची, बाकी शब्द साधे लिहायचे, उच्चार नटानं आणायचा. सांगोल्याची भाषा माझ्या सांगलीच्या भाषेहून वेगळी आहे हेही सोयीस्करपणे विसरलं जातं, मुंबईत सगळं मिळून एकच 'ग्रामीण' असतं.

१३ एप्रिल

आज एका असिस्टंट डायरेक्टर मैत्रिणीनं माझ्या ड्राफ्टचं ब्रेकडाउन, म्हणजे शूटिंगला काय काय लागेल त्याची फोड, करून दाखवलं. आजपर्यंतची सगळ्यात उपयोगी दुपार. ती गोष्ट वाचतच नाही, स्केचपेनं घेऊन बसते. पात्रं एका रंगात, प्रॉपर्टी (सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू) दुसऱ्या, जनावरं तिसऱ्या, गर्दी चौथ्या. बघता बघता माझी पानं रंगीत झाली आणि प्रत्येक रंगाला पैसे पडतात.

'बाजार भरलेला आहे' ही माझी तीन शब्दांची ओळ. तिनं विचारलं, किती जनावरं फ्रेममध्ये? खऱ्या बाजारात शूट करणार का बाजार उभा करणार? खऱ्या बाजारात केलं तर बाजार समितीची परवानगी, आणि रविवार एकच, आठवड्याला एक दिवस, नटाचं चुकलं तर पुढच्या रविवारी. उभा करणार तर प्रत्येक बैलाचं भाडं, वैरण, मालक, टेम्पो. शिवाय फिल्ममध्ये जनावर असलं की ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडं शूटिंगच्या आधी अर्ज करावा लागतो, ऑफिस हरियाणात बल्लभगडला, आणि त्यांचा कागद नसला तर पुढं सेन्सरला अडतं. माझ्या सीन ४ मध्ये बैल बिथरतो आणि दावं तोडून पळतो. तिनं त्यावर पेन ठेवलं, "हे कशाला?" म्हटलं, वातावरण. "वातावरणाला डॉक्टर लागणार, परवानगी लागणार, आणि एक दिवस जाणार." बैल आता पळत नाही. दोनजण पळापळ करताना दिसतात, बैलाचा आवाज बाहेरून, आणि मोकळं दावं ओढत येणारा पोरगा. उलट बरं झालं.

कडबाकुट्टीचा अपघात तर मी दाखवलाच नव्हता, मशीन चालू असल्याचा आवाज आणि मग बंद झाल्याचा, एवढंच. त्यावर ती खूश. पण बापूची दोन बोटं नाहीत हे प्रत्येक फ्रेममध्ये नाही दिसलं पाहिजे, तो मेकअप रोजचा आणि महागाचा. म्हणजे लिहितानाच ठरवायचं की हात कुठं उघडा दिसतो. तीन ठिकाणी पुरे: नातवाबरोबरचा खेळ, चहाची बशी धरताना, आणि शेवट. बाकी हात उपरण्यात, खिशात, बैलाच्या पाठीपलीकडं. गंमत म्हणजे तो हात लपवतोय हे त्यामुळं आपोआप पात्रातच आलं.

शेवट अजून दोन आहेत. एकात नातू 'पाच' म्हणून ओरडतो. दुसऱ्यात बापू शेतकऱ्याला 'तीन' सांगतो, शेतकरी 'द्या' म्हणतो, विसार हातात पडतो आणि नातू काहीच बोलत नाही. मैत्रिणीचं मत पहिल्याला, प्रेक्षक सुटल्यासारखा बाहेर पडेल म्हणाली. मला दुसरा खरा वाटतो, सातव्या वर्षीचं पोरगं बाजारात आज्ज्याला तोंडघशी पाडत नाही, धंदा शिकतं. दादाला पाठवलाय ड्राफ्ट, त्याचं उत्तर आलं: "साखरपुड्याचे दोन सीन रात्री नऊपर्यंत दे, मग वाचतो."

दोन सीन. त्यातला एक बिनसासूचा, ताई दौऱ्यावर आहेत.